कोरं कडं

खाचा पाडलेल्या ओंडक्याची ती शिडी एका वेळी एकाच माणसाची. जमाला मक्याच्या कणसांनी भरलेली निमुळती टोपली पाठीवर घेऊन चढत होती, आणि वरून एक अनोळखी तरुण उतरत होता... हातात नुसती पटाशी.

"ओझेवाल्याला वाट देतात," ती म्हणाली. "तुमच्या दरीत शिकवत नाहीत वाटतं?"

"शिकवतात. पण पाठ फिरवली तर तुझा चेहरा दिसायचा नाही."

"मग उलटा चढ."

तो खरंच उलटा चढू लागला. चौथ्या खाचेला पाय हुकला, कसाबसा सावरला. जमालाने ओठ दाबून हसू गिळलं.

तो मिरजान, जमालाच्या काकांच्या नव्या घराचे खांब कोरायला आलेला. काकांचं अंगण म्हणजे जमालाच्या घराचं छप्पर. त्यामुळे देवदाराचा ताजा भुसा तिच्या दारात पडायचा, आणि भुसा झाडायला ती दिवसातून चारदा वर जायची.

"तुझ्या बाबांशी बोलू?" एका दुपारी त्याने विचारलं.

"बोल. पण आधी सात पिढ्या मोजू." बापाकडून सात पूर्वजांची नावं दोघांनी पंचांसमोर म्हणायची, एकच पुरुष दोघांच्या सातांत निघाला, की ती दोघं बहीणभाऊ. मग लग्न नाही.

जमालाने म्हटली. सातवा, तोराग. मिरजानने म्हटली... आणि सातव्या नावाला तो थांबला.

"झऱ्यावर बांध घालणारा तोराग?" तिने हळूच विचारलं.

"तोच."

जमालाने त्याची पटाशी उचलली. मुठीवर एकाखाली एक कडी कोरलेली होती, एका पूर्वजाचं एक कडं, आत त्याची खूण. तिने मोजली. पुन्हा मोजली.

"ही आठ आहेत. आणि तिसरं कोरं का?"

मिरजानने मान वळवली. "तो गरक, माझा पणजोबा. अमीराची फौज आली, सगळ्यांनी नवा धर्म घेतला. तो मात्र खिंड ओलांडून निघून गेला... बायको आणि तान्हं मूल टाकून. आमच्या घरात त्याचं नाव घेत नाहीत."

"म्हणजे तोराग तुझा आठवा."

"चारचौघांत गरकचं नाव घेतलं, तर बाबांची मान खाली जाईल, जमाला."

"मग राहू दे." तिने पटाशी त्याच्या हातात ठेवली. "उद्यापासून दादा म्हणते."

आठवड्याने दोघांच्या पिढ्या ऐकायला पंच जमालाच्या छपरावर तिवया मांडून बसले. मिरजानचे वडील करीम कोपऱ्यात होते.

"मी मिरजान, करीमचा. करीम समदचा. समद—" त्याने खाली उभ्या जमालाकडे पाहिलं. "समद गरकचा."

करीमची मान खाली गेली. मग जमालाचे म्हातारे आजोबा खाकरले.

"गरक... बासरी सुरेख वाजवायचा म्हणे. माझा बाप शेवटपर्यंत त्याची आठवण काढायचा. पुढे म्हण, पोरा."

करीमने हळूहळू मान वर केली. आजोबांकडे तो बघतच राहिला. मिरजानने पुढची नावं म्हटली. तोराग आठवा आला.

दुसऱ्या दिवशी जमाला रिकाम्या हाताने शिडी उतरत होती. खालून मिरजान आला, खांद्यावर खांबाचा ठोकळा, कमरेला पटाशी. तिसऱ्या कड्यावर इवलीशी बासरी कोरलेली.

"ओझेवाल्याला वाट," तो म्हणाला.

जमालाने वाट दिली. त्याच्याकडे बघत, एकेक खाच चाचपत, ती उलटी चढत गेली.