तळ्यातल्या एकशे आठ चिठ्ठ्या

"खाली बस, डोकं दिसतंय तुझं," चैत्राली कुजबुजली.

"मग काय, काढून ठेवू?" ओवीने विचारलं. ती आठ वर्षांची होती आणि पहाटे कुणी उठवलं की तिची जीभ तिच्याआधी जागी व्हायची.

कतारमधल्या मुऐदर भागात, बारा व्हिलांच्या कंपाउंडमध्ये ईदच्या सुट्टीचा पहिला दिवस उजाडत होता. शहाणी मुलं झोपली होती. चैत्राली, तिची धाकटी बहीण ओवी आणि शेजारचा मिहीर मात्र बोगनवेलीआड दबा धरून बसले होते. समोरचं छोटं तळं महिन्याभरात हिरवंगार झालं होतं. पाण्यावर शेवाळाचा जाड थर होता, वास तर विचारूच नका, आणि चार मासे मेले होते.

कमिटीचे अध्यक्ष अनंतरावकाका यांनी निकालही देऊन टाकला होता. माळी रफीकभाई लॉनला वाटेल तेवढं खत टाकतो आणि ते तळ्यात उतरतं. गुरुवारच्या मीटिंगमध्ये हात वर झाले, की तळं बुजवून पार्किंग करायचं आणि रफीकभाईला परत कामगार पुरवणाऱ्या मॅनपावर कंपनीकडे पाठवायचं. तिथून पुढे बहुधा बांगलादेशला.

याच रफीकभाईने चैत्रालीला सायकल शिकवली होती. तो जाणार म्हटल्यावर तिला घास गोड लागेना. पण खरं सांगायचं तर संशय तिलाही येत होता. हा माणूस रोज भल्या पहाटे पोतं घेऊन तळ्यावर काय करतो?

"आला," मिहीर म्हणाला.

रफीकभाई पाण्यात उतरला, वाकला, आणि थोड्या वेळाने गळतं पोतं ओढत बाहेर आला.

"येताना पोतं रिकामं होतं," मिहीर पुटपुटला. "म्हणजे हे टाकत नाहीयेत, काढतायत."

तिघं एकदम समोर आल्यावर रफीकभाई दचकला. पोत्यात नुसतं शेवाळ होतं. "रोज निकालता हूँ, रोज फिर आ जाता है," तो म्हणाला.

"तो अनंत अंकल को बोलो ना," चैत्राली म्हणाली.

रफीकभाईने नजर खाली वळवली. "बड़े लोग हैं, बेटा. मैं क्या बोलूँ?"

याला काहीतरी ठाऊक आहे, चैत्रालीच्या मनात आलं. तोवर ओवीने कोपरापर्यंत हात पोत्यात घातला होता. तिच्या बोटांना कागदाच्या सुरळ्या चिकटून आल्या, प्रत्येकीभोवती काहीतरी पांढरट, बुळबुळीत. चैत्रालीने एक उलगडली. शाई फुटली होती, तरी अक्षरं कळत होती. राम. दुसऱ्या सुरळीवरही राम. तिसरीवरही.

"सीक्रेट कोड," मिहीर म्हणाला. त्याचं मराठी वाचन यथातथाच होतं.

कोड घरी नाश्त्याला सुटला. "अगं, रामनामाच्या गोळ्या असतील," आई म्हणाली. "चिठ्ठीवर नाव लिहायचं, कणकेच्या गोळीत घालायची आणि माशांना द्यायची. काही मनात धरलं असेल तर रोज एकशे आठ."

आईच्या हातांना कणीक लागलेली होती. चैत्राली त्या हातांकडे बघत राहिली.

"माझ्याकडे काय बघतेस? मी पोळ्या करतेय," आई म्हणाली.

रोज एकशे आठ गोळ्या, आणि मासे जेमतेम तीस. उरलेली कणीक जाते कुठे? तिघांनी लोणच्याच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या घासल्या, दोन्हींत तळ्याचं पाणी भरलं आणि एकीत रोज चिमूटभर कणीक टाकायची असं ठरवून गच्चीवर उन्हात ठेवल्या.

दुसऱ्या पहाटे ते पुन्हा बोगनवेलीआड होते. पाचव्या व्हिलाचं दार हळूच उघडलं. एक उंच माणूस स्टीलचा डबा घेऊन अनवाणी आला, इकडेतिकडे बघून काठावर बसला आणि एकेक गोळी पाण्यात सोडू लागला. ओठ हलत होते. ते अनंतरावकाका होते.

"पण ते तर कंपनीत पाणी शुद्ध करायचंच काम करतात," मिहीर म्हणाला. "आपल्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"बरण्यांवर ठेवतील," चैत्राली म्हणाली. चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणायला तिची जीभ शिवशिवत होती. पण काकांचा चेहरा तिने पाहिला होता. चोराचा चेहरा असा काकुळतीला आलेला नसतो.

गुरुवारी संध्याकाळी क्लब हाउस भरलं. दाराशी रफीकभाई टोपी हातात घेऊन उभा होता. अनंतरावांनी हात वर करायला सांगण्याआधीच चैत्रालीने दोन्ही बरण्या टेबलावर ठेवल्या. एकीतलं पाणी फिकट होतं. दुसरी गर्द हिरवी झाली होती आणि तिचा वासही सगळ्यांनी ओळखला.

"दोन्हींत तळ्याचंच पाणी आहे, वरून खत टाकलेलं नाही, काका," ती म्हणाली. "हिरवीत फक्त कणीक आहे. ती कुजते, त्यावर शेवाळ वाढतं. रात्रभर शेवाळही पाण्यातला ऑक्सिजन वापरतं, म्हणून पहाटे मासे तडफडतात. रफीकभाई रोज पोतंभर काढतात, म्हणून तळं अजून जिवंत आहे."

"कणीक टाकतं कोण?" चैत्रालीच्या बाबांनी विचारलं.

चैत्रालीने अनंतरावांसमोर एक बंद पाकीट सरकवलं, बाकी कुणाला आत दिसणार नाही असं. नाव मात्र घेतलं नाही.

त्यांनी आत डोकावून पाहिलं: शाई फुटलेली, 'राम' लिहिलेली चिठ्ठी. सभा चुळबुळायला लागली. मग त्यांनी चष्मा काढला.

"मी टाकतो," ते म्हणाले. "आमच्या मुलाला, देवव्रतला, ॲडमिशन मिळावी म्हणून. पाण्यात काय गेलं की काय होतं, हे मी चोवीस वर्षं लोकांना शिकवतोय. पण देवाचं काम म्हटल्यावर मला हिशेब सुचलाच नाही." ते उठून दाराशी गेले. "रफीक, तूने देखा था?"

"जी."

"बोला क्यों नहीं?"

"आप दुआ कर रहे थे, साहब."

अनंतरावांनी त्याच्यासमोर हात जोडले. पार्किंगचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. बाबांनी तिघांच्या पाठी थोपटल्या आणि म्हणाले, "आम्ही बारा इंजिनिअर माळ्याकडे बघत बसलो, पाण्याकडे या तिघांनी बघितलं."

शुक्रवारी सकाळी अनंतराव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रफीकभाईबरोबर शेवाळ काढत होते. काठावर त्यांची नवी वही होती. रामनाम आता तिच्यात लिहायचं ठरलं होतं. मासे सवयीने त्यांच्या पायांशी गोळा झाले आणि तोंडं वर करून वाट बघू लागले.

अनंतरावांनी दोन्ही रिकामे हात त्यांना दाखवले. "खलास, बाबांनो," ते म्हणाले, आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं.