तक्रार क्रमांक अठ्ठेचाळीस

टायपिस्ट बाई निर्दोष सुटल्या. फौजदारांनी त्यांची लेखी माफी मागितली, आणि त्या माफीपत्रातल्या चार चुका बाईंनी लाल पेनाने दाखवून दिल्या.

हे अजून घडलेलं नाही. वरचा परिच्छेद आपण पाहिलाच नाही, असं वाचकांनी समजावं. शेजाऱ्यांच्या बाबतीत हे सगळ्यांना जमतं, मग इथे जमायला हरकत नाही.

तर, शनिवारी संध्याकाळी पाच वाजता बाई ताईंच्या टेबलासमोर बसल्या होत्या आणि त्यांच्या हातातली बशी वाजत होती.

"माझ्या हातून खून झालाय का, तेवढं शोधून द्या," त्या म्हणाल्या.

ताईंच्या शेजारी बसलेल्या भाऊजींचं बिस्कीट चहात बुडालं ते वर आलंच नाही. ताई खासगी तपासाचं काम करायच्या. त्याआधी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, म्हणजे ऐकण्याचा पगार घेत होत्या. भाऊजी हे त्यांचे धाकटे दीर. त्यांचं काम काय, ते भाऊजींनाही नीट माहीत नव्हतं.

"झालाय का म्हणजे?" भाऊजींनी विचारलं. "तुम्हाला आठवत नाही?"

"मी चौतीस वर्षं कोर्टात टाइप केलंय. जे कागदावर आहे तेच मला आठवतं. माझ्या कागदांत खून नाही. पण फौजदार म्हणतात, आज सकाळी दहापर्यंत तो जिवंत होता, मग नाहीसा झाला, दुपारी दोनला माझ्या वाफ्यात रक्ताचा हातोडा सापडला, आणि त्याच्याशी वैर असलेली गल्लीत मी एकटीच." त्यांनी बशी खाली ठेवली. "सोमवारी मला घेऊन जाणार आहेत. कपडे बांधून ठेवा म्हणाले."

तो म्हणजे ठोक्या. बाईंचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. कुणी दुरुस्तीला न दिलेल्या वस्तू दुरुस्त करत बसायचा, आणि त्याचं परस म्हणजे जगानं टाकून दिलेल्या सगळ्याचं माहेर. बाईंनी पिशवीतून तक्रार क्रमांक सत्तेचाळीसची प्रत काढली. ताईंनी मोठ्याने वाचलं: "सात फ्रिज, एकाचेही दार जागेवर नाही. अकरा वॉशिंग मशीन. गाड्यांच्या बॅटऱ्या, अगणित. एक लाउडस्पीकरचा कर्णा. एक होडी. सदर गावास समुद्र नाही."

"दारं का काढली फ्रिजची?"

"एकदा विचारलं होतं मी. म्हणे, कुणाचं लेकरू खेळता खेळता आत शिरलं तर? म्हणून आणला की आधी दार उपटायचा." बाईंनी पिशवी जवळ ओढली. "तेवढा एक शहाणपणा होता त्याच्यात."

तक्रारीच्या शेवटी मागणी होती: ठोकणे बंद होणार नसेल तर किमान ते रोज सकाळी ठीक दहाला, अर्धाच तास व्हावे. तिची एक प्रत बाईंनी ठोक्याच्या फाटकावरही चिकटवली होती.

"आणि त्याला कधी तोंडावर काही बोललात?"

बाईंचा आवाज खाली गेला. "मंगळवारी खिडकीच्या पडद्याआडून ओरडले. आधी 'बंद करा' म्हटलं. मग म्हटलं, एक दिवस हाच हातोडा तुमच्या टाळक्यात बसेल. पलीकडच्या मोजणीदारांनी ऐकलं. त्यानंतर मी तोंड उघडलेलं नाही, ताई. स्वतःच्याच जिभेची भीती वाटायला लागली." मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. "पण खरी भीती ही आहे."

आवाजांची नोंदवही. ताईंनी पान उलटलं. सोमवार: ९.४०, ११.१५, ४.०५. मंगळवार: १०.२५. मग:

बुधवार, १०.००. हातोडा, ग्राइंडर, खोकला, हातोडा. (तक्रारीचा परिणाम दिसतो.)

गुरुवार. ९.३० ते १२ वीज नाही, पंखा बंद. १०.००. हातोडा, ग्राइंडर, खोकला. एक अनोळखी बाई किरट्या आवाजात: "बंद करा!"

शुक्रवार, १०.००. तेच. तीच बाई.

शनिवार, १०.००. तेच. तीच बाई.

"बुधवारी मी कानात कापूस घालून होते, नीट ऐकलं नसेल," बाई कुजबुजल्या. "त्या परसात कुणीतरी बाई आहे, ताई. ठोक्याच्या घरात बाई नाही. कधीच नव्हती. आणि ती रोज एकाच सुरात ओरडते."

भाऊजी खुर्ची ओढून ताईंच्या जवळ सरकले.

*

सहा वाजता तिघं गल्लीत पोचली. फाटकाला पोलिसांचं सील होतं. फौजदारांनी परसात एकदा डोकावून "सोमवारी तीन ट्रक मागवतो" एवढाच तपास केला होता.

पलीकडचा शेजारी म्हणजे निवृत्त मोजणीदार. त्यांचं गवत पट्टीने मोजून कापलेलं, आणि ठोक्याच्या बाजूला बारा फूट उंच कुंपण.

"मंगळवारनंतर ठोक्याला तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?" ताईंनी विचारलं.

"पाहायचं कशाला? बारा फूट कुंपण मी काय शोभेला लावलंय?" मोजणीदार म्हणाले. "ऐकलं. आज सकाळी दहाला. त्यावर घड्याळ लावलं मी."

"पूर्वीही लावायचात?"

"छे हो! पूर्वी त्याला वेळेचं भान कुठे होतं? या आठवड्यातच सुधारला होता बिचारा. माणूस सुधारला की टिकत नाही, बघा."

"आणि बाईचा आवाज?"

"तो तर या टायपिस्ट बाईंचा रोजचा. त्याची काय नवलाई?"

"मी नव्हते!" बाई ओरडल्या, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

ठोक्याचा पुतण्या पायरीवर बसला होता. काकाबरोबर तोच राहायचा. डोळे लाल, आवाज मऊ, खिशात रेल्वेची तिकिटं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. कुणी मागण्याआधीच त्याने ती दाखवली.

"मंगळवारी दुपारी दोनच्या गाडीने सासुरवाडीला गेलो. आज एकला उतरलो. घरी आलो तर काका नाहीत. बाईंच्या वाफ्यात पाहिलं तर हातोडा."

"काका हरवले, तर आधी बाईंच्या वाफ्यात का पाहिलंत?"

"अहो, धमकी दिली होती ना त्यांनी!"

"काकांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"मंगळवारी निघताना. त्यांनीच डबा भरून दिला." त्याने नाक पुसलं आणि तो फाटकाशी उभ्या फौजदारांकडे वळला. "साहेब, पाच मिनिटं परसात जाऊ द्या ना. काकांचा चष्मा राहिलाय आत."

"तिसऱ्यांदा विचारताय," फौजदार म्हणाले. "सील म्हणजे सील."

"बरं, हा सगळा पसारा हलवला की तेवढं कळवा. काका असेतो एक खिळा हलू देत नव्हते, जागेला आलेलं गिऱ्हाईक परत जायचं."

फौजदारांनी ताईंना आणि भाऊजींना मात्र आत सोडलं. त्यांच्या साहेबांचे जुने ट्रंककॉल ताईंनीच जोडले होते. बाई आपल्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी परसाकडच्या खिडकीचा तो जाड पडदा सारला; तक्रारींच्या याद्या त्या फाटकातून करायच्या.

सवयीने त्यांनी फ्रिज मोजले. सात. बरोबर. होडी होती. कर्णा आता होडीत उताणा पडला होता. सगळ्यावर बोटभर धूळ. भाऊजी दमले आणि एका आडव्या पांढऱ्या फ्रिजवर बसून पाय हलवू लागले. त्यांची टाच फ्रिजच्या दारावर हळूहळू आपटत होती. टक. टक. बाईंना तो आवाज उगाच नकोसा झाला.

"वहिनी, बसायला जागा छान आहे," भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, उठा."

ते उठले. ताईंनी त्यांच्या पँटच्या बुडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पँट स्वच्छ होती. मग त्यांनी फौजदारांना बोलावून कानात काहीतरी सांगितलं. फौजदारांची टोपी हातात आली.

"बाई," ताईंनी खिडकीकडे न बघता हाक मारली. "पडदा ओढून घ्या."

बाईंनी ओढला. त्यामागे त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. पलीकडे एक रबर सुटल्यासारखा आवाज आला. मग भाऊजींचा ओकारी काढल्याचा.

*

रविवारी सकाळी पावणेदहाला सगळे बाईंच्या स्वयंपाकघरात जमले. बाईंचं गाठोडं दाराशी तयार होतं. फौजदार दारातच उभे राहिले.

"मी सगळ्यांना एकच विचारलं," ताई म्हणाल्या. "पाहिलं की ऐकलं? मंगळवार दुपारनंतर ठोक्याला कुणीही पाहिलेलं नाही. मोजणीदारांना कुंपण, बाईंना पडदा. या गल्लीत त्याला न बघण्याची सोय सगळ्यांनी करून ठेवली होती. खून करणाऱ्याला फक्त कानांची व्यवस्था करायची होती."

"म्हणजे?" भाऊजी म्हणाले. त्यांचा चेहरा अजून पिवळा होता.

"गुरुवारी साडेनऊ ते बारा वीज नव्हती. दहाला ग्राइंडर चालला. कशावर चालला?"

पुतण्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"ठोक्या आयुष्यात कधी वेळेवर ठोकत नव्हता. बुधवारपासून ठीक दहा. बाई, तुमच्या सत्तेचाळीस तक्रारींपैकी एक कुणीतरी मनावर घेतली, आणि ती नेमकी त्याने."

"मी जरा बाहेर जाऊन येतो," पुतण्या उठला. "गुदमरतंय."

"बसा. दहाला तीन मिनिटं कमी आहेत."

तो बसला. फौजदारांनी दाराची कडी लावली.

"काकाने आणलेल्या प्रत्येक फ्रिजचं दार उपटलेलं असायचं. काल भाऊजी ज्या फ्रिजवर बसले, त्याला दार होतं. सगळीकडे बोटभर धूळ, आणि भाऊजींची पँट स्वच्छ. म्हणजे तेवढाच एक फ्रिज कुणीतरी नुकताच पुसला, आणि जुनं दार शोधून त्याला बसवलं. आत कोण होतं ते फौजदारांनी पाहिलंय. डॉक्टर म्हणतात, चार दिवस झाले."

बाईंनी टेबलाची कड धरली. ज्या माणसाने कुणाचं लेकरू कोंडलं जाऊ नये म्हणून दारं काढली, त्याच्यावर दार लावलं होतं.

"मी गावाला होतो!" पुतण्या म्हणाला. "तिकिटं आहेत!"

"मंगळवार दुपारपासून आहेत. मंगळवारी सकाळी तुम्ही काकांचं ठोकणं फोनवर टेप करून घेतलंत, दुपारी काकांना संपवलंत, आणि दोनची गाडी पकडलीत. म्हणून तर सगळ्यांनी त्यांना शनिवारपर्यंत जिवंत ऐकायला हवं होतं. काल परतल्यावर हातोडा वाफ्यात टाकलात. फोन नंतर काढू म्हणालात. पण आधी पोलिसांना बोलावलंत, आणि त्यांनी लगेच सील ठोकलं. ज्या चष्म्यासाठी तीनदा आत जायला मागितलंत, तो काल काकांच्या नाकावरच होता."

"कसला फोन? कुठाय फोन?"

"मी शोधला नाही," ताई म्हणाल्या. "गरज काय?"

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा हलला. दहा वाजले.

पलीकडे, सील लावलेल्या परसात, हातोडा पडला. ठाण. ठाण. ग्राइंडर किंचाळला. मेलेला माणूस खोकला. मोजणीदारांनी सवयीने घड्याळाला हात घातला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. मग ती बाई ओरडली, किरट्या, त्रासलेल्या आवाजात: "बंद करा!"

"हीच ती!" बाई म्हणाल्या.

"ह्या तुम्हीच, बाई. मंगळवारच्या. चौतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं कागदावर उतरवलंत. स्वतःचं बाहेरून कधी ऐकलं नाहीत. तुमचं ओरडणं वगळून त्या परसातला आवाज टेप करणं कुणालाच जमलं नसतं."

पुतण्या दाराकडे धावला. तिथे फौजदार होते.

होडीतल्या कर्ण्यामागे जुना फोन सापडला, गाडीच्या बॅटरीला जोडलेला. दहाचा गजर लावलेला, आणि गजराची धून म्हणून काका. भाऊजींनी तो बंद केला. तो खोकला अर्ध्यात तुटला, आणि गल्ली शांत झाली.

*

तीन ट्रक आले आणि परस रिकामं झालं. दोन आठवडे बाईंनी वहीत रोज लिहिलं: १०.००, काही नाही. पडदा त्यांनी काढून टाकला होता. बघायला आता काही नव्हतं, तरी त्या बघत बसायच्या. शांतता इतकी की टाइपरायटरच्या आवाजाने त्या स्वतःच दचकायच्या. शेवटी एके सकाळी त्यांनी कागद चढवला.

"तक्रार क्रमांक अठ्ठेचाळीस.

माननीय विभाग अधिकारी यांस,

विषय: शेजारील आवाज पूर्ववत सुरू करण्याबाबत.

महोदय, माझे यापूर्वीचे सत्तेचाळीस अर्ज रद्द समजावेत. माझे शेजारी गेल्या दोन आठवड्यांपासून ठोकत नाहीत, त्यामुळे अर्जदारास अतोनात त्रास होत आहे. तरी सदर गृहस्थांस त्यांचा हातोडा, खोकला व सात बिनदाराच्या फ्रिजांसह मूळ जागी त्वरित परत बसवण्यात यावे, ही नम्र विनंती.

वेळेची अट नाही."