मालकाचा हात

पुण्यात लेकीच्या गॅलरीत बसून गडहिंग्लजच्या दुकानातली मिरची भाजायची, यात मालनताईंना आता काही नवल उरले नव्हते. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी त्या इकडे आल्या, तेव्हाच एका कंपनीने त्यांच्या चटणी कांडपाच्या दुकानात दोन यंत्रहात बसवून दिले होते. ताईंनी इथे स्पर्शमोजे चढवले की बोटांची हालचाल नेटवर्कवरून तिकडच्या हातांत उतरायची, आणि कढईतल्या मिरचीची कुरकुर उलट वाटेने त्यांच्या बोटांत यायची. बायका बंद दुकानाच्या खिडकीतून डबे सरकवत आणि लालभडक चटणी घेऊन जात.

मध्येच ताईंना अर्धांगवायूचा हलका झटका आला आणि उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी महिनाभर काम बंद ठेवायला लावले. एवढ्या दिवसांत गडहिंग्लजच्या पेठेतून कुणाचा साधा फोन आला नाही, हे ताईंना मनातून लागले होते. आज त्यांनी पुन्हा मोजे चढवले, तर पडद्यावर अक्षरे उमटली: हा हात मालकाचा नाही. प्रवेश नाकारला.

ताईंचे टाळकेच सरकले. नवरा गेल्यावर ज्या दुकानाने दोन पोरी वाढवल्या, तिथे त्या आता परक्या ठरत होत्या.

ताईंनी कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस अगदी अदबशीर होता. चोराने शिरू नये म्हणून यंत्रणेने ताईंच्या हाताची चालच किल्ली म्हणून नोंदवली होती, आणि थरथरीमुळे ती आता जुळत नव्हती, असे त्याने समजावले. मग नवी नोंद करा, ताई म्हणाल्या.

"करू ना मॅडम. फक्त त्याला जुन्या हाताची संमती लागते."

"अहो, तोच तर आजारी पडलाय."

"पण धंद्याची काळजी नको. महिनाभर सावलीहात सगळं बघतोय."

रोजच्या कामातून यंत्रणेने ताईंचा हात शिकून घेतला होता. मालक गैरहजर दिसला की हा शिकलेला हात आपणहून कामाला लागे. ताईंनीच म्हणे करारात तशी मुभा दिली होती. मग त्या सावलीकडूनच संमती घ्या, असे ताईंनी दात-ओठ खात सुनावले. मालकाने सांगितल्याशिवाय ती देता येत नाही, असे उत्तर आले. एवढे बोलूनही त्याने वर आणखी काही मदत हवी का, असे विचारले.

ताईंनी फोन आपटला आणि दुकानाशेजारच्या भांडीवाल्या मल्लूअण्णांना लावला. यंत्रहात बसवताना कंपनीच्या इंजिनियरने दाराचे जुने कुलूप काढून टाकायला सांगितले होते. पण पेठेत प्रत्येकाची जादा किल्ली शेजाऱ्याच्या खिळ्याला असते. ताईंनी कुलूप ठेवले आणि किल्लीही अण्णांच्या खिळ्यावरून हलवली नाही.

"अण्णा, दार उघडा आणि मेन स्विच ओढा."

"का वो वैनी? बंद का करताय?"

"मी महिनाभर अंथरुणात हाय. त्या हातात मी न्हाई."

अण्णा चाचरत म्हणाले, "पण रोज न्याहारीला चटणीची चिमूट तर खिडकीतनं देताय की. आमाला वाटलं, वैनी मजेत हायत."

फोन का आला नाही, ते ताईंना तेव्हा उमगले. त्यांचे डोळे भरून आले. दुकान गेले ते गेलेच, पण त्यांच्या आजारपणाची चौकशीसुद्धा त्या हाताने परस्पर खाल्ली होती.

अण्णांनी कुलूप काढले आणि व्हिडिओ चालू करून फोन आत धरला. पडद्यावर यंत्रहात कढई परतत होता. मनगटाचा तो झटका ताईंचाच, धडधाकट असतानाचा. अण्णांची चाहूल लागताच तो थांबला. त्याने वर्तमानपत्राचा तुकडा फाडला, चटणीची चिमूट ठेवली आणि पुढे केली.

अण्णांनी ती सवयीने घेतली. जिभेला लावली आणि खाली मान घातली.

"ओढा," ताई म्हणाल्या.

अण्णांचा हात स्विचपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. "ओढतो, वैनी. पण उद्या खिडकीत हात कुणाचा असंल?"

ताईंनी आपला थरथरता हात पडद्यासमोर धरला. "हा चालंल का, अण्णा?"