तिनं सोडलेली जागा

राजेंद्रचा हात चांगला होता. गाण्यातलं ओ की ठो न कळणारा माणूससुद्धा लोणावळ्यात हे सांगायचा. तुंगार्लीत त्याचा गिटारचा क्लास होता, आणि शनिवार-रविवारी एका रिसॉर्टच्या हिरवळीवर तो जुनी हिंदी गाणी वाजवायचा. पाहुणे कबाब खात, त्याच्याकडे पाठ करून टाळ्या वाजवायचे. बोटं घोटून तयार झालेली, ताल एकदम पक्का. पण चाळिशी दारात येऊन उभी राहिली तरी ज्यावर त्याचं नाव छापलंय असं एक गाणं कुठं नव्हतं. कुणी कौतुक केलं की हे त्याला जास्तच टोचायचं.

म्हणून तर तो ब्लॅक मेटलच्या नादी लागला. गिटारचा न थांबणारा खरखराट, ड्रमचा धबडगा आणि वर घसा फाटेस्तोवर किंचाळणं. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे, एवढीच अट. जवळच्या औंढे गावात दत्तोबा नावाच्या शेतकऱ्याची पोल्ट्रीची शेड रिकामी पडली होती. मंगळवारी तिथं तिघं जमायची. राजेंद्र, ड्रमवर पप्पू, आणि दत्तोबांची पुतणी समीक्षा.

"कोंबड्या बऱ्या हुत्या म्हनायच्या," दत्तोबा जाता जाता म्हणायचे. "त्या निदान अंडी तरी द्यायच्या."

समीक्षा टोलनाक्यावर कामाला होती. राजेंद्रच्याच क्लासला महिनाभर आली आणि सोडून गेली. तिला तीन सूर यायचे, तेही धड नाहीत. करंगळी तारेपर्यंत पोचायची नाही, आणि तिचा प्रत्येक फटका किंचित उशिरा पडायचा.

"ही गिटार वाजवते की भाकरी थापते?" राजेंद्र पप्पूला विचारायचा, तिच्या देखत.

"राजूदादा, तुझं ऐकून वाटतं, वा, काय वाजवतो," पप्पू एकदा म्हणाला. "तिचं ऐकून वाटतं, घरी जावं. सगळी नीट आहेत ना बघावं."

राजेंद्रच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. न येणाऱ्यांचं कौतुक करायची फॅशनच आहे, असं काहीतरी तो पुटपुटला.

भातकापणीचे दिवस होते. लख्ख ऊन. शेडमध्ये चुन्याचा आणि जुन्या विष्ठेचा वास, जाळीतून आलेली उन्हाची चौकडी जमिनीवर पडलेली. समीक्षानं आपलं गाणं वाजवायला घेतलं. गाणं कसलं, तेच तीन सूर, पुन्हा पुन्हा, पाय ओढत चालल्यासारखे. थोड्या वेळानं पप्पूचे हात थांबले. मग राजेंद्रच्या लक्षात आलं, की बाहेर विळ्यांची खसखसही थांबली आहे.

जाळीपलीकडं खाचरात बायका उभ्या होत्या. सगळ्या शेडकडं तोंड करून, विळे खाली. त्यांतल्या शालूबाई हळूच म्हणाल्या, "आत कोन रडतंय गं?"

राजेंद्रच्या मानेवरचे केस उभे राहिले. इतकी वर्षं वाजवून त्याच्यासाठी कुणी हातातला घास खाली ठेवला नव्हता, आणि हिच्यासाठी बायकांनी हातातलं काम टाकलं. देवा रे, त्याच्या मनात आलं, मी काय पाप केलंय?

पप्पूनं ते फोनवर टिपलं होतं. पुण्यात एकजण असल्या संगीताच्या कॅसेट काढायचा, त्याला त्यानं पाठवून दिलं. लगेच निरोप आला. हे गाणं हवंय. नीट रेकॉर्ड करून पाठवा, आणि वाजवणाऱ्याचं नाव कळवा, कव्हरवर छापू.

"मी करतो नीट," राजेंद्र म्हणाला. त्यानं समीक्षाचं वाजवणं शेडमध्येच रेकॉर्ड करून घेतलं. "घरी कॉम्प्युटरवर तुझे फटके सरळ करतो. एकेक ओढून तालावर बसवायचा, बस."

"नको सर," समीक्षा पटकन म्हणाली. "ती जागा ऱ्हाऊ द्या."

"कसली जागा?"

"मी उशिरा वाजवत न्हाई. आदी त्याचं व्हतं, मग माझं."

"त्याचं म्हणजे कुणाचं?"

"मला काय ठावं? आदी वाजतं ते. मी फकस्त मागनं हात लावते." हे तिनं टोलची पावती देताना बोलावं इतक्या साधेपणानं सांगितलं.

नाचता येईना अंगण वाकडं, राजेंद्र मनात म्हणाला.

घरी त्यानं तिचा प्रत्येक फटका धरून पुढं ओढला आणि तालावर बसवला. एकूण एक फट बुजवली. मग ऐकलं. गाणं सरळ झालं होतं आणि ठार मेलं होतं. आता हे मढं कोण घेणार? म्हणून त्यानं स्वतःची गिटार घेतली आणि तिच्या जागी आपलंच वाजवणं भरलं. आणि हे करताना, खोटं कशाला बोला, नावाचंही त्यानं ठरवून टाकलं. तिला काय करायचंय नाव? ती बसते टोलवर.

त्याचं वाजवणं स्वच्छ होतं. त्यालाही ऐकवेना.

रविवारी रिसॉर्टवर दुपारच्या जेवणाला त्याचं बोट उशिरा पडलं. अगदी केसभर. दमलो असेन, त्याला वाटलं. पुढच्याच गाण्यात पुन्हा. सोमवारी क्लासमध्ये अमृता नावाची त्याची विद्यार्थिनी म्हणाली, "सर, तुमची बोटं मागं पडतायत का?"

"तू तुझ्या बोटांकडं बघ," तो खेकसला.

ती गेल्यावर त्यानं दार लावून घेतलं. तालाचे ठोके देणारा मेट्रोनोम सुरू केला, खिडकीपाशी उजेडात बसला आणि एकच तार वाजवत राहिला. बोट मागंच पडत होतं. किती मागं, ते त्याला मोजावं लागलं नाही. ती फट त्यानं स्वतःच्या हातांनी शेकडो वेळा बुजवली होती.

पण तो ताडकन उठला तो त्यामुळं नाही. बोट उशिरा पडत होतं, आवाज नव्हता पडत. तार बरोबर ठोक्यावर वाजत होती. बोट तिथं नंतर पोचत होतं.

तो तडक औंढ्याला गेला. शेडमध्ये समीक्षा एकटीच वाजवत होती. तेच तीन सूर, पण ठोक्यावर, चोख. खाचरातल्या बायका कापणी करत होत्या. एकीनंही मान वर केली नाही.

"आता उशीर व्हत न्हाई, सर," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "आता कोन येतच न्हाई." तिचा आवाज फुटला. "मला दुसरं काय येत हुतं हो? येवढंच हुतं माझ्यापाशी. तुमी जागा बुजवलीत. आता ते कुटं बसंल?"

राजेंद्रनं आपला हात पाठीमागं घेतला. तिनं ते पाहिलं.

"तुमच्याकडं आलं व्हय?" तिनं विचारलं. "मग जपून ऱ्हावा," ती म्हणाली, "आन् लवकर घालवा." ती गिटार भिंतीला टेकवून निघून गेली.

घरी येऊन त्यानं तिचे फटके पुन्हा जिथल्या तिथं नेऊन ठेवले. उपयोग झाला नाही. उशीर परत आला, बाकी काहीच आलं नाही.

तेव्हा त्यानं गिटार घेतली आणि तिचं गाणं वाजवलं. भर दुपारी, खिडक्या उघड्या टाकून.

समोरच्या बंगल्यातला पाण्याचा पाइप घेतलेला माळी जागच्या जागी थांबला. पाणी त्याच्या पायावर पडत राहिलं.

हेच हवं होतं राजेंद्रला. आयुष्यभर हेच. त्याला रडू आलं, आणि रडत रडतच त्यानं रेकॉर्डिंग पुण्याला पाठवून दिलं.

उत्तर आलं तेव्हा तो तुंगार्लीच्या तलावाच्या भिंतीवर उन्हात बसला होता. आसपास कुणी नव्हतं.

'काटा आला अंगावर. कव्हर छपाईला जातंय. फक्त वाजवणाऱ्याचं नाव टाका.'

समीक्षाची आठवण झाली. क्षणभरच. मग त्यानं आपलं नाव लिहायला बोट उचललं.

बोट हवेतच थबकलं.

ते टेकायच्या आधीच पडद्यावर पहिलं अक्षर उमटलं. ते 'र' नव्हतं. समीक्षाचा 'स'सुद्धा नव्हता.

त्यानं फोन भिंतीवर ठेवला आणि दोन्ही हात खिशात घातले. दुसरं अक्षर उमटलं.