गुलाबसिंगांची न संपणारी पेटी

दारव्ह्याच्या जीपमध्ये जागा नसते, ती करावी लागते. दिपालीनं ती केली. मागच्या दारातून शिरली आणि तिथल्या लोखंडी पेटीवर ऐसपैस बसली.

"मॅडम," शेजारचा उंच तरुण फार अदबीनं म्हणाला, "तुम्ही माह्या आजोबाच्या छत्तीस वर्षाच्या नोकरीवर बसून राह्यल्या."

"मग उठू?"

"नाही, नाही... नोकरी मजबूत होती."

आता योगायोग पाहा. दिपाली यवतमाळच्या एका कॉलेजात जुन्या कागदांच्या विभागात हंगामी कामाला. गुलाबसिंग राठोड नावाचे निवृत्त खाण अभियंते आपले सगळे कागद कॉलेजला देणार होते. तांड्यावर त्यांच्या घरी बसून आठ दिवसांत यादी करायची. यादी चोख निघाली तर नोकरी कायम. आणि बुडाखाली होती तीच ती पेटी! किल्ली हरवली म्हणून त्यांचा नातू राजकुमार, म्हणजे हाच शेजारचा तरुण, कुलूप उघडून आणायला दारव्ह्याला गेला होता.

दुसऱ्या दिवसापासून अंगणातल्या डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात काम सुरू झालं. नेमणुकीचा हुकूम, खाण व्यवस्थापकाचं प्रमाणपत्र, सात बदल्या, कोळशाच्या थरांचे नकाशे आणि ढीगभर पाळीचे रिपोर्ट. रिपोर्ट सगळे जांभळ्या अक्षरांत.

"साध्या पेन्सिलीचं खोडता येते," बाजेवरून गुलाबसिंग सांगत. "म्हणून ही जांभळी पेन्सिल. टोक जिभेवर ओलं करायचं अन् लिहायचं. लिहिलं ते लिहिलं. खाणीत खोटं चालत नाही, पोरी."

राजकुमार कापसाच्या वावरातून दुपारी घरी यायचा, तेव्हा त्याच्या केसांत कापसाचा पुंजका अडकलेला असायचा. दिपालीचा हात तो काढायला शिवशिवायचा... मग ती पटकन एखादा नकाशा उलगडायची. उलटा.

"नकाशात काय दिसते?" तो विचारायचा.

"खड्डा."

"पडू नका."

"पाडणारा समोर नसला, तर नाही पडत."

सहाव्या दिवशी पेटीचा तळ दिसला. पण सातव्या दिवशी तिच्यात चार रिपोर्ट सापडले. आठव्या दिवशी आणखी पाच. दिपालीनं एक दिवस मुदत वाढवून घेतली. पहिल्या कागदात पंप बंद पडला होता, पुढच्यात छताचा दगड सुटला. नववा तिनं मोठ्यानं वाचला : "दुसऱ्या पाळीत वाघ खाणीत उतरला. हजेरी घेऊन परत पाठवला."

"दादा, हे खरं?"

गुलाबसिंगांनी डोळे मिटले. "हजेरी मीच घेतलती."

तेवढ्यात राजकुमार हसला आणि दिपालीला त्याची जीभ दिसली. गर्द जांभळी.

"जांभळं खाल्ली," तो घाईनं म्हणाला.

"डिसेंबरात?"

दिपालीनं यादी मिटली. तिचा चेहरा उतरला होता.

"नऊ कागद यादीत गेले. उद्या ही यादी कॉलेजात द्यायची आहे, खाली माझी सही आहे. कोणी अभ्यासाला येईल, विश्वासानं वाचेल... आणि मी त्याला वाघ देईन? आणि दादा, तुम्हीसुद्धा?"

"पोरगं कायले लिहून राह्यलं, ते पहिल्याच दिवशी समजलं मले," गुलाबसिंग ओशाळून म्हणाले. "पण इतकं मन लावून माहं कोणी ऐकलं नव्हतं. तू बी थांबावं वाटलं."

"चुकलं माहं," राजकुमार म्हणाला. " काय करू, सांगा."

"आमच्याकडे रीत आहे. संशयाच्या कागदामागं लिहायचं — कोणी केला, कधी केला, कशासाठी केला. नऊच्या नऊ. आणि तुमच्या स्वतःच्या अक्षरात."

तो ओट्यावर बसला. त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. दिपाली यादीतून एकेक नोंद खोडत गेली, शेजारी खोडण्याचं कारण लिहून सही करत गेली. मग एकेक कागद तिच्या हाती आला. लेखक : राजकुमार राठोड. कारण : काम संपू नये म्हणून. दुसऱ्यावर तेच. आठव्यापर्यंत तेच.

नवव्यावर होतं — कारण : दिपालीनं जाऊ नये म्हणून.

तिनं ते दोनदा वाचलं. मग यादी कापडी पिशवीत ठेवली, आठ कागद त्याला परत दिले आणि नववा हातातच ठेवून उठली. वाट तुरीच्या वावराकडून जीपच्या थांब्याला जात होती. तो दहा पावलं मागून चालत होता, मग पाच, मग शेजारी.

"तो कागद..." तो म्हणाला. "तो यादीत नाही ना?"

"नाही."

"मग परत दे... द्या ना."

"नाही."

जीपचा हॉर्न वाजला. ती पायरीवर चढली आणि वळली.

"राजकुमार, रविवारी यवतमाळला ये. आईबाबा घरी असतात. पण काही लिहून आणू नको. तोंडानं सांग."

"काय सांगू?"

"ते इथंच म्हणून पाहा. सराव होईल."

जीपमध्ये अकरा माणसं, दोन पोती आणि एक बकरी होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि सगळ्यांनी कान टवकारले. राजकुमारच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मले... मले तू आवडते, दिपाली."

"मलाही," ती म्हणाली, आणि हात लांब करून तिनं त्याच्या केसांतला कापूस काढला.