बियाण्याची खूण

इरापुआतो शहरातल्या प्रयोगशाळेत मिरचीच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. तंबाखू म्हणजे शहाणं बाळ; मातीतला जिवाणू तिच्यात नवं जनुक सोडून येतो, ती मुकाट्यानं घेते. मिरची मात्र हटून बसते. तरी सेनाइदानं चिलवाक्ले मिरचीच हाती घेतली होती. कुइकातलान गावी आईच्या परसातली सगळी झाडं विषाणूनं खाल्ली. आई गेली तेव्हा मूठभर बी उरलं होतं. ते वाया गेलं की वाण संपला, आणि नोव्हेंबर लागताच गेलेली माणसं घरी येतात त्या मृतांच्या दिवशी आईच्या फोटोपुढे तिच्या चवीचा मोले, म्हणजे मिरचीचा दाट रस्सा, ठेवणंही संपलं.

विषाणूला रोखणारं जनुक घेऊन जिवाणू जखमेतूनच आत शिरतो, म्हणून कोवळ्या पानांना ती पात्यानं चिरा द्यायची. तेव्हा हटकून आई आठवायची. बियाण्याला राखायच्या मिरचीच्या देठाशी आई अंगठ्याचं नख रुतवायची. वरवंट्याखाली चेचून ते नख मधोमध दुभंगलं होतं, म्हणून कोर उमटायची ती तुटकी. त्या मिरचीला मग घरात कोणी हात लावत नसे. जाता जाता आई लेकीच्या कानाची पाळीही तशीच चिमटायची.

"तुलाही बियाण्याला ठेवलंय गं, भवाने!"

किती दुखायचं ते, आणि किती बरं वाटायचं!

शेवटी एकच रोप जगलं. ऑक्टोबर सरता सरता बंद काचघरात त्याला मिरच्या लागल्या. एका सकाळी एकीच्या देठाशी तुटकी कोर दिसली.

"एलिसेओ, ही थट्टा तुझी?" तिनं सहकाऱ्याला विचारलं.

"नखं बघा माझी, डॉक्टरीणबाई. खाऊन संपवलीत!" तो हसला. "कीड असेल."

"बंद काचघरात?"

त्यानं फळांची पिशवी पुढे केली. मग हळूच म्हणाला, "तपासणीला सगळी फळं मागितलीत. आजच."

"खुणेची राहू दे ना."

"कारण काय सांगू?"

वेडेपणा पुरे, असं स्वतःला बजावून तिनं बाकीची फळं काढली आणि खुणेच्या देठाला कात्री लावली.

भाजलेल्या मक्याचा वास आला. आईच्या हातांना यायचा, तसा.

कान झोंबला.

तिनं कात्री खाली ठेवली. मिरचीचा हात लागला असेल, म्हणून धुवायला ती आरशापुढे गेली.

पाळीवर तुटकी कोर होती. अजून ओली.