लॅचलनचा दगड

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. मी तिथं होतो. म्हणजे तळ्यावर नव्हतो, घरी अंथरुणात होतो. पण ज्याच्यावर गुदरली तो डुगल्ड माझा शेजारी, आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितली. सगळी नाही सांगितली. थोडी मी ओळखली.

"म्हणजे रचली," कर्स्टी म्हणाली. आमच्या इतिहास मंडळात सगळ्यात धाकटी ही, आणि जीभ सगळ्यात लांब.

"काका, मागच्या खेपेला म्हणालात चर्चमधल्या म्हातारीच्या भुताला डोकं नव्हतं. त्याआधी तिच्या डोक्यावर टोपी होती," तीच पुढं म्हणाली.

"टोपी हातात होती गं. शेकोटीत लाकूड टाक आणि गप्प बस."

तर, दोन हजार दहा. जानेवारीची आठ तारीख, शुक्रवार. आमच्या किल्डारनचं तळं कितीतरी वर्षांनी गच्च गोठलं होतं. रविवारी बर्फावर मुठीचे जड दगड घसरवायचा सामना होता, पोरांनी हिम झाडून खेळायचा लांब पट्टा तयार ठेवला होता. शनिवारी हॉलमध्ये गावच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन. मंडळाच्या बाईंनी एल्स्पेथकडं निरोप धाडला, लॅचलनचा दगड द्या.

लॅचलन म्हणजे तिचा पहिला नवरा. तळ्यावरचा शेवटचा सामना त्यानं शेवटच्या दगडावर जिंकून दिला होता. माणूस गेला, दगड राहिला. एल्स्पेथनं डुगल्डशी लग्न केलं तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दाराशी होता, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून. आठ वर्षं तिथंच. डुगल्डच्या पायाचं बोट त्यावर किती वेळा ठेचलं, त्याला गणती नाही. आणि दर शनिवारी एल्स्पेथ त्याची पितळी मूठ घासायची. डुगल्डचे बूट दाराबाहेर चिखल खात पडलेले असायचे.

त्या रात्री जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "हॉलवर देऊन ये जरा. जपून ने, पाडू नकोस."

"माझ्या पायावर पडला तर?"

"पाय बरा होईल."

डुगल्ड हातगाडी काढायला वळला.

"गाडी कशाला?" ती भांडी विसळत म्हणाली. "लॅचलन एका हातानं न्यायचा."

बस. एवढंच बोलली. ती सहज बोलली, हेच त्याला जास्त लागलं. त्यानं मूठ धरली, वीस किलोचा ग्रॅनाइट एका हातानं उचलला आणि निघाला. खांदा उखडायची वेळ आली, पण खिडकी दिसेनाशी होईपर्यंत त्यानं हात बदलला नाही.

हॉलचा रस्ता तळ्याच्या कडेनं जातो. चंद्र नव्हता. चांदण्या होत्या, आणि हिमाचा तो निळसर उजेड. डुगल्ड थांबला. त्याच्या मनात आलं, उद्या गावभर लोक या दगडापुढं उभे राहतील. लॅचलन असा, लॅचलन तसा. आणि ती शेजारी उभी राहून ऐकेल, गाल लाल करून.

तो बर्फावर उतरला. हिशोब सोपा होता. दगड पट्ट्यापलीकडच्या हिमात लांब सोडायचा, बर्फ वितळला की तळंच त्याला गिळेल. घरी सांगायचं, हॉलच्या पायरीवर ठेवला होता, कुणी नेला असेल.

त्यानं सोडला. घरघर करत दगड अंधारात गेला. आवाज लांब होत होत विरला.

मग शांतता.

डुगल्ड वळला. आणि मागून...

घरघर.

आधी लांबून. मग जवळून. आणि घरघरीच्या पुढं आणखी एक आवाज. सर्र... सर्र... सर्र... सामन्यात झाडूवाले दगडापुढून बर्फ घासत पळतात, दगड लांब जावा म्हणून, तसा.

दगड आला. त्याच्या बुटापाशी थांबला. अलगद. लॅचलन थांबवायचा तसा.

"कोण आहे रे?" डुगल्ड म्हणाला.

डुगल्डनं वाकून मूठ धरली.

त्यानं पुन्हा सोडला. अंगातलं सगळं बळ लावून.

गेला. विरला.

सर्र... सर्र...

परत आला. बुटापाशी. तिथंच.

डुगल्डनं टॉर्च मारला. पट्टा रिकामा. झाडू नाही. माणूस नाही. फक्त थंडीत एक वाफ... तोंडाच्या उंचीवर. त्याच्या तोंडाच्या नव्हे. त्याहून वीतभर वर. लॅचलन उंच होता.

डुगल्ड दगड तिथंच टाकून पळाला.

"मग?" कर्स्टीनं विचारलं. जीभ जरा आखूड झाली होती.

मग सकाळ. तळ्यापासून एल्स्पेथच्या दारापर्यंत गुडघाभर हिम होतं, रात्री डुगल्ड त्यातूनच पाय ओढत आला होता. सकाळी त्यातून एक वाट झाडलेली. सरळ. झाडूच्या रुंदीची. तळ्याच्या काठापासून चढ चढून, फाटकातून, थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. खालचं गवत दिसत होतं. पाऊल एकही नाही.

एल्स्पेथ दारात आली. दगडाचं तिनं विचारलं नाही. घरातल्या सपाता घालून त्या वाटेनं तळ्यापर्यंत गेली आणि परत आली. गाल लाल.

"थंडी फार आहे," डुगल्ड म्हणाला.

"नाही रे, इतकी कुठं," ती म्हणाली.

दगड मिळाला नाही. त्या दुपारी पुन्हा हिम पडलं, रात्रीही पडलं. छपरं भरली, कुंपणं बुडाली. ती वाट तेवढी उघडी राहिली, बर्फ वितळेपर्यंत. मी पाहिली आहे. हे मात्र खरं.

कर्स्टी म्हणाली, "मग खोटं कुठलं?"

डुगल्ड पळाला, ते खोटं. ते मी घातलं. शेजारी आहे, त्याची अब्रू राखावी म्हटलं. घाबरून पळणं माणसाला शोभून जातं. तो पळाला नाही. तो रात्रभर तिथं राहिला आणि त्या अंधाराशी खेळला. दगड सोडायचा, परत आला की पुन्हा सोडायचा. एकदा तरी लॅचलनहून चांगला पडावा म्हणून. एकदाही पडला नाही.

पहाटे घरी आला तेव्हा एल्स्पेथ खिडकीशी जागी बसली होती. कुणाची वाट बघत होती, हे विचारायचं त्याला अजून धाडस झालेलं नाही.